पुढचा शब्द

"पुढं!" भाकरीवर शेवटची थाप मारत अक्का म्हणायच्या, की मी मोबाइलवरचा पुढचा जपानी शब्द विचारायचा. शेजारीण म्हणून मला नेमून दिलेलं काम ते.

"गरम पाणी?"

"ओयु. पुढं!"

"बाळ?"

"आकाचान. पुढं!"

मला चष्मा पुसायलाही सवड मिळत नसे.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. आमच्या अक्का त्यातल्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि साठी जवळ आल्यावर ही जपानी. त्यांची एकुलती एक लेक जपानात नोकरीला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली.

"मग म्हायेरच तिकडं न्यायचं की," अक्का म्हणाल्या. जावई दिवसभर कामावर, आणि विहीणबाईंना जपानीशिवाय काही येत नाही. लेक अंथरुणावर पडली तर घरात, दवाखान्यात अक्का बोलणार कशा? म्हणून ही ऑनलाइन शिकवणी.

ती सुरू झाली आणि त्याच महिन्यात अक्कांचे यजमान गेले. सकाळी चहा मागितला आणि कप हातात यायच्या आत गेले. पाठोपाठ त्यांचे यंत्रमाग विकून टाकावे लागले. माग थांबल्यावर ते घर इतकं गप्प झालं, की भिंतीपलीकडून अक्कांचं जपानी मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायला लागलं.

यजमानांचे दिवस व्हायच्या आतच त्या कानाला हेडफोन लावून बसल्या. भेटायला येणाऱ्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "अवो अक्का, हे काय?"

"रडायला जलम पडलाय की," अक्का म्हणाल्या. "पोरीची तारीख थांबायची न्हाय."

मला मात्र त्यांची काळजी वाटायची. ही बाई कधीतरी मोडून पडेल, असं वाटायचं.

नव्या पेठेत आम्ही झबली घ्यायला गेलो होतो. पिशवी हातात पडताच अक्कांनी सवयीनं कमरेत वाकून "अरिगातो" म्हटलं. दुकानदाराला वाटलं, म्हातारीला चक्कर आली. त्यानं घाईघाईनं स्टूल पुढं केलं, पाणी मागवलं. अक्का ते पाणी निवांत प्यायल्या आणि पाण्याबद्दलही एकदा "अरिगातो" म्हणाल्या.

एका संध्याकाळी नवा धडा निघाला, नात्यागोत्याचा. आई झाली, बहीण झाली.

"नवरा?" मी विचारलं.

अक्कांचा हात पिठातच थांबला. तवा तापून धूर निघायला लागला.

"तो धडा ऱ्हाऊ द्या, ताई. बाळंतिणीला त्याचा काय उपेग? पुढं!"

मी पुढं गेले.

त्या निघाल्या तेव्हा बॅगेत कडक भाकऱ्या होत्या, शेंगाचटणी होती, डिंकाचे लाडू होते आणि टॉवेलात गुंडाळलेला यजमानांचा फोटो.

परवा अक्कांचा फोन आला. नात झाली, दोघी खुशाल. दवाखान्यात नर्सशी अक्काच बोलल्या. मला इतका आनंद झाला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग त्यांचा आवाज खाली आला.

"ताई, काल विहीणबाईनं ह्यांच्या फोटोपुढं च्याचा कप ठिवला. गरम, वाफा निगत हुत्या. आन् मला इचारलं, कसे होते म्हनून. इचारलेलं समदं कळलं बगा. पर सांगायला माज्याजवळ एक शब्द न्हाय. तेवढंच शिकले न्हाय मी."

"मग?"

"मग काय, रडले. लई रडले. ती बाई हात धरून बसली."

माझेही डोळे भरून आले.

"तो शब्द सांगा की, ताई."

"ओत्तो," मी म्हटलं.

"ओत्तो," अक्का म्हणाल्या. थोड्या वेळानं परत, अगदी सावकाश, "ओत्तो."

मी वाट पाहत राहिले. पण त्या "पुढं!" म्हणाल्या नाहीत.