आत्याचं मिग मशीन

माझ्या आत्याने एकोणतीस वर्षं बस डेपोच्या बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग केलं. ठोकरलेल्या, गंजलेल्या, पत्रा फाटलेल्या बसगाड्या तिच्यासमोर यायच्या आणि चार-सहा दिवसांनी धडधाकट होऊन बाहेर पडायच्या. डेपोत तिला सगळे ‘ठिणगी’ म्हणत. थोडं कामामुळे, जास्त जिभेमुळे. निवृत्त झाली तेव्हा डेपोने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते बघून ती म्हणाली, "यांना काय वाटलं, मला वेळ कळत नाही? द्यायचंच होतं तर मशीन द्यायचं!"

तिचं तरी काय चुकलं? आयुष्यभर मशीन हातात, पण स्वतःचं एकही नाही.

आतोबा, म्हणजे तिचा नवरा, शिंपी. बोलणं मोजकं, गळ्यात कायम टेप. त्याच वर्षी रस्ता रुंद करायला घेतला आणि त्यात आतोबांचं दुकान गेलं. शिलाईची तीन मशीनं आणि कापायचं लांबलचक टेबल घराच्या बाहेरच्या खोलीत आलं. तिथून स्वयंपाकघरात जायचं म्हणजे पोट आत घेऊन, आडवं होऊन जावं लागे. दोन आठवडे आतोबा नुसते खिडकीत बसून होते. तिसऱ्या आठवड्यात आत्या एक छोटा जुना ट्रक घेऊन दारात हजर! एका फुलांच्या व्यापाऱ्याचा होता तो. इंजिन ठणठणीत, पण पाठीमागच्या हौद्याची पार चाळणी झालेली.

"हे कशाला आणलंस?" आतोबांनी विचारलं.

"तुमचं दुकान आहे हे," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाही ना? आपण जाऊ त्याच्याकडे. शाळेपाशी, दवाखान्याच्या वसाहतीत, जिथे असेल तिथे. हा हौदा काढून टाकते आणि तुम्हाला अख्खी खोली बांधून देते. खिडक्या, पायऱ्या, कपाटं, सगळं."

आतोबा ट्रकभोवती दोनदा फिरले. मग गळ्यातली टेप काढली आणि हौद्याची रुंदी मोजायला लागले. आत्याने मला कोपराने ढोसलं. "बघितलंस? जमलं!"

घराच्या बाजूला पत्र्याची एक शेड होती, तिचं गॅरेज झालं. ट्रक आत घातल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम हात-हातभर जागा उरली. आता हवं होतं मशीन, आणि तेही मिग. पिस्तुलासारखा टॉर्च हातात धरायचा, घोडा दाबला की रिळावरची बारीक तार आपोआप पुढे येते आणि वितळत जाते. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून टॉर्चच्या तोंडातून वायू सुटत राहतो. पातळ पत्र्याला मिगसारखं काही नाही, असं आत्याचं ठाम मत.

तिच्या अंगात वारंच शिरलं. चहा गार व्हायचा, फोन चालूच. डेपोतल्या जुन्या उस्तादांनी सल्ला दिला, "घ्यायचंच तर मोठं घे, दोन माणसांनी उचलावं असं." आत्याला ते फार पटलं. डेपोतलं मशीन तसंच होतं. मग शेजारच्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर उघडून पाहिला आणि मान हलवली.

"वहिनी, तुमची लाइन सिंगल फेज. ते धूड लावाल तर तुमचाच काय, गल्लीतला दिवा जाईल."

"मग मी काय मेणबत्तीवर वेल्डिंग करू?"

"तसं नाही. सिंगल फेजवर चालणारी चांगली मशीनं आलीत आता. मी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून देतो. पण हावरटपणा नको."

‘हावरट’ हा शब्द आत्याला झोंबला, पण रात्रभरात पचला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर ती हौद्याखाली आडवी झालेली. ट्रकमधूनच तिने करवतीने लोखंडाचे तुकडे कापून काढले होते: केबिनमागचा पातळ पत्रा, मधल्या जाडीचा चौकोनी पाइप आणि तळाचा आडवा लोखंडी पट्टा, चांगला जाड चॅनल. तिन्ही घासून चकचकीत केले आणि आतोबांनी शिवलेल्या पिशवीत भरले.

"मशीन दुकानदाराच्या लोखंडावर नाही, माझ्या लोखंडावर बघणार," ती म्हणाली. पिशवी माझ्या खांद्यावर आली आणि आम्ही तिघं निघालो.

दुकान प्रशस्त होतं. एका बाजूला मशीनांची रांग, मागे पडदे लावून चालवून बघायची जागा. विक्रेता उत्साही निघाला. आल्या आल्या त्याने मशीनांची तोंडभरून स्तुती सुरू केली. यात अमुक इतके अँपिअर, त्यात तमुक इतके.

"ते राहू दे," आत्याने त्याला तोडलं. "सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवलं तर दहा मिनिटांतली किती मिनिटं न थांबता चालतं?"

विक्रेता गडबडला. "काकू, तुम्ही... वेल्डिंग करता?"

"नाही, मी भाजी घ्यायला आले होते, रस्ता चुकले."

आतोबा खाली बघून हसले. तिथून पुढे विक्रेत्याचं बोलणं अर्ध्यावर आलं आणि काम दुप्पट झालं.

पहिलं मशीन अगदी छोटं, वायूशिवाय चालणारं, खांद्याला अडकवून नेता येईल असं. आत्याने चॅनल जोडला, बरा जोडला गेला. पण पत्र्यावर टॉर्च टेकवला आणि बघता बघता भोक! तोंडावरची काळी काच वर करून तिने त्या भोकातून विक्रेत्याकडे पाहिलं. "खिडकी झाली. पण मला इथे नको होती." दुसरं होतं उस्तादांच्या मनातलं धूड. त्याच्यावर तिचे हात असे काही चालले की बघत राहावं. तिन्ही तुकड्यांवर एकसारखी, नाजूक लाटांची रेघ. मशीनवरून तिने मायेने हात फिरवला, आणि एक सुस्कारा सोडला. "थ्री फेज. चल, पुढचं."

तिसरं मध्यम आकाराचं. सिंगल फेज, वायूचं नळकांडं जोडायची सोय, पत्र्यासाठी अगदी खाली उतरणारा करंट आणि पूर्ण जोरावर दहातली सहा मिनिटं दम. कागदावर सगळं जुळत होतं. आत्याचे डोळे लकाकले. तिने घोडा दाबला. तार आली, थांबली, धक्का खाऊन पुन्हा आली आणि पुन्हा अडकली. रेघ म्हणून जे उमटलं ते वाटाण्यांसारखं, गाठीगाठीचं. विक्रेत्याने झाकण उघडलं तर आत तारेचा गुंता. त्याने तो कापून टाकला, तार दाबणारा स्क्रू आणखी आवळला आणि म्हणाला, "आता होईल." झालं काहीच नाही. पुन्हा गुंता.

"याच मॉडेलची खोड असेल," आत्याचा आवाज उतरला. "राहू दे."

आतोबा इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. ते उठले, चष्मा नाकावर चढवला आणि उघड्या झाकणातून आत वाकले. रीळ हाताने फिरवून बघितलं. तार ओढणाऱ्या छोट्या चाकावर नख फिरवलं.

"या चाकाला खाच आहे ना, ती या तारेची नाही," ते म्हणाले. "तार बारीक, खाच रुंद. म्हणून तार घसरतेय, आणि हे स्क्रू आवळत बसलेत. बारीक दोऱ्याला गोणपाटाची सुई लावल्यासारखं झालंय. यात दुसरी खाच असते का?"

विक्रेत्याने चाक काढून उलटं केलं. दुसऱ्या बाजूला खरोखरच बारीक खाच होती! ओशाळून त्याने ती बाजू लावली. स्क्रू आतोबांनी स्वतः सैल केला, दोन बोटांत तार धरून ताण पाहिला, पुन्हा पाव फेरा घट्ट केला. "हं. आता चालव गं."

आत्याने काच खाली ओढली. आणि तो आवाज आला. नवं कापड एका दमात टर्रर्र फाडावं तसा सलग, कुठे खंड नाही. पत्रा झाला, भोक नाही. पाइप झाला. चॅनलची कड झाली. तिने गरम चॅनल पकडीने उचलून टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळला आणि हातोड्याने मारायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड! शेजारच्या काउंटरवरची माणसं पडदा सारून बघायला आली. लोखंड वाकलं. सांधा जागचा हलला नाही.

"अहो!" आत्या ओरडली, एवढ्या माणसांत. "अहो, हेच! हेच आपलं मशीन!"

आतोबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. विक्रेत्याने त्यांना हळूच विचारलं, "काका, तुम्ही कुठे असता कामाला?" "मी ब्लाउज शिवतो," आतोबा म्हणाले.

मशीन घरी आलं तो दिवस मला आठवतो. वायरमनची नवी लाइन तयार होती. आत्याने आधी ट्रकच्या बॅटरीची वायर सोडली, कारण गाडीवर वेल्डिंग करताना ती जोडलेली राहिली तर गाडीतली बाकीची यंत्रं जळतात. मग पहिला सांधा मारला. दिवे जागेवर राहिले. मात्र सांध्यात बारीक बारीक छिद्रं आली, स्पंजासारखी. दहा मिनिटं ती मशीनला बोल लावत होती. मग तिच्या लक्षात आलं, की शेडच्या दाराखालून वारा येतोय आणि वायू उडवून नेतोय. फटीला पत्र्याची पट्टी लावली, तो सांधा घासून पुन्हा मारला, आणि काम सुटलं ते सुटलंच.

पुढचे तीन महिने त्या घरात दोन आवाज होते. शेडमध्ये टर्रर्र आणि बाहेरच्या खोलीत खटखट. आतोबा ट्रकच्या खिडक्यांचे पडदे शिवत होते. भांडणंही झाली. कापायचं टेबल किती उंच हवं यावरून दोघं तीन दिवस माझ्यामार्फत बोलत होते. शेवटी आत्याने त्याला वरखाली होणारे पाय बसवले आणि वाद मिटला.

पहिल्या दिवशी ट्रक दवाखान्याच्या वसाहतीत उभा राहिला. आत्या गाडी चालवत होती, मी शेजारी. मागची बाजू उघडली, पायऱ्या खाली उतरल्या, आतोबा मशीनवर बसले. अर्धा तास कुणीच फिरकलं नाही. मग एक नर्स बाई गणवेशाची उसवलेली बाही घेऊन आल्या, त्यांच्यामागे दुसऱ्या, आणि दुपारपर्यंत पायऱ्यांवर रांग. पाचव्या माणसाने कपडा दाखवायच्या आधी ट्रकचा सांधा बोटाने चाचपला आणि विचारलं, "बॉडी कुठून बांधून घेतलीत?"

आतोबांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी नुसतं आत्याकडे बोट दाखवलं.

तो माणूस जनावरांचा डॉक्टर निघाला. त्याला गावोगाव फिरायला तशीच गाडी हवी होती, आत टेबल, बाजूला कपाटं. आता त्या गाडीचं माप घेणं चाललंय. काल मी गेले तर आत्या म्हणाली, "गाय पायरी चढणार नाही गं, उतरती फळीच लागेल. जाड चॅनल! किती मजा येणार आहे!" आणि बोलता बोलता काच खाली ओढून घेतली.