‘कॉन’चा पाढा

सत्तरच्या दशकात आमच्या घरी इंग्रजीसुद्धा पाढ्यांसारखंच पाठ व्हायचं. ही पद्धत वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. शाळा चौथीत सुटली, पण तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. त्यामुळे ज्याला चाल नाही ते डोक्यात राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मतं त्यांची सगळीच ठाम असत.

मी मॅट्रिक झाले आणि एका कचेरीतून कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच सुमारास आत्याने देवळ्याचं स्थळ आणलं. नोकरी लागली तर थांबू, नाहीतर उन्हाळ्यात उरकून टाकू, असं आईने सांगितलं. मुलगा चांगला होता, कांद्याची शेती होती. मला मात्र ते लग्न नको होतं, नोकरी हवी होती.

अण्णांनी रविवार कारंजाच्या बाजारातून शब्दार्थांचं जुनं पुस्तक आणलं. सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द मी दिवेलागणीला एका दमात म्हणायचे. कन्टेन म्हणजे सामावणे, कन्टेम्प्ट म्हणजे तिरस्कार, कन्टेंड म्हणजे झगडणे, कन्टेंट म्हणजे समाधानी. अण्णा डोळे मिटून मांडीवर ताल धरायचे. त्यांना त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण मी एक शब्द गाळला तरी ताल थांबायचा.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “कॉन्ट्रिब्यूट म्हणजे काय?”

शब्द ओळखीचा होता. पण पाढ्यातलं मधलंच विचारलं की पहिल्यापासून म्हणावं लागतं, तसं झालं. मी मनात कन्टेनपासून निघाले. कन्टेस्टपर्यंत पोचले तेव्हा साहेब घड्याळ बघत होते. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे करार, इथवर आले तोवर पुढच्या उमेदवाराला हाक गेली. ‘हातभार लावणे’ मला जिना उतरताना आठवलं.

खाली अण्णा रजा टाकून सायकल धरून उभे होते.

“नाही आलं,” मी म्हटलं. मला त्यांचा आणि त्यांच्या त्या चालीचा भयंकर राग आला होता.

“आसं कसं? म्हण बरं पहिल्यापासून. कुठं आडतंय ते बघू.”

भर रस्त्यात, लोकांच्या देखत, मी रागारागाने म्हणून दाखवलं. एकदाही अडखळले नाही. सायकलच्या सीटवर त्यांची बोटं वाजत होती.

“लय चांगलं येतंय की,” ते म्हणाले. “थांब. पोरीला सगळं येतंय म्हणून साहेबाला सांगून येतो.”

मी नको नको म्हणत असताना सायकल माझ्या हाती देऊन ते जिना चढून गेले. बऱ्याच वेळाने खाली आले, सायकल माझ्या हातातून घेतली आणि घराकडे चालू लागले.

त्या उन्हाळ्यात मी देवळ्याला नांदायला गेले.