नळी हलवायची नाही

दवाखान्यात महिनाभर काढला की किस्से आपोआप साठतात, उशीखाली औषधांच्या चिठ्ठ्या साठतात तसे. दादाला जाऊन सव्वा महिना झाला. घरी कुणी भेटायला आलं की मी हेच सांगत बसतो. आई म्हणते, "गप बस." मला गप बसता येत नाही.

दादा देवळाली प्रवऱ्याला ट्रॅक्टर चालवायचा. जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर खराब झालं होतं. दारूचा थेंब कधी घेतला नाही, तरी नगरच्या वॉर्डात बघायला येणारा प्रत्येक पाहुणा हळूच विचारायचा, "घ्यायचा का?"

दादा पडल्यापडल्या सांगायचा, "व्हय. उसाचा रस. रोज दोन ग्लास."

*

तिथल्या डॉक्टर मॅडम अभ्यास करत होत्या. लिव्हर गेलं की रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. पण उरलेल्या शांत झोपल्यात की जाग्या होऊन चवताळल्यात, हे रक्तातल्या काही खुणांवरून कळतं म्हणे.

दादा म्हणाला, "म्हंजे हजेरी न्हाई घ्यायची. वर्गात कोण जागं हाय ते बघायचं."

मॅडम हसल्या. "यात तुमचा फायदा नाही हं," त्यांनी आधीच सांगितलं.

"असू द्या. गेलेला पार्ट मेस्त्रीला दाखवला म्हंजे पुढच्याचा ट्रॅक्टर वाचतो," दादा म्हणाला आणि त्यानं सही केली. तेव्हापासून आपली नळी अभ्यासात लागलीच पाहिजे, हे एकच त्याच्या डोक्यात.

*

रक्त काढताना सिस्टरनं पहिली नळी बाजूला टाकली. दादाच्या हिरड्यांतून आधीच रक्त यायचं. माझं डोकं फिरलं. "माणसाचं रक्त फेकता?" म्हणून मी वॉर्ड डोक्यावर घेतला.

सिस्टर म्हणाली, "सुई टोचली की पहिल्या रक्तातल्या प्लेटलेट बिथरतात. ते चालत नाही."

दादा मला म्हणाला, "येड्या, गायीची पयली धार आपून तरी बादलीत घेतो का?"

*

वॉर्डातून लॅबपर्यंत नळी नातेवाइकानं न्यायची, अशी तिथली पद्धत. मी खोकल्याच्या बाटलीसारखी ती जोरात हलवली आणि दिली.

लॅबवाले काका कपाळाला हात लावून म्हणाले, "सगळ्या जाग्या केल्या की तुम्ही. आता यात आजार कुठला आणि तुमचा हात कुठला, कसं ओळखू?"

नळी बाद.

*

दुसऱ्या वेळी हलवली नाही. पण उशीर नको म्हणून जिन्यानं पळत गेलो. तीही बाद.

सिस्टर दादाला म्हणाली, "तुमचा भाऊ पळतो फार."

"पाचवीत शाळेतनं पळाला," दादा म्हणाला, "अजून थांबला न्हाई."

*

तिसऱ्या वेळी दादा फार थकला होता. मी नळी धरून एकेक पायरी उतरलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, चला की लवकर."

मी म्हटलं, "हळू बोला. झोपल्यात."

काकांनी नळी उजेडात धरली. "आज जमलं," म्हणाले.

तसाच सावकाश वर आलो. दादाचे डोळे मिटलेले होते. "लागली का रं?"

"लागली दादा. एकबी जागी झाली न्हाई."

"बरं झालं," तो म्हणाला. "आता मलाबी हलवू नको."

मॅडम राऊंडला येईपर्यंत मी त्याला हलवलं नाही.