भुऱ्याचं आमेन

आयाबाई कुत्र्यावर ओरडत आहेत की देवावर, हे पत्र्याच्या अलीकडून मला कधी कळायचं नाही. "इतक्या हाका मारून राहिले, कान फुटले का तुझे? पाठ फिरवून काहून बसलास?" अशा त्या रागवायच्या. जरा वेळाने आवाज खाली यायचा. "जाऊ दे. तू माझा हायेस, म्या तुझी हाये. दुसरं कोन हाय आपल्याला?" एकदा मी धीर करून विचारलं, "आयाबाई, आत्ता कोणाला बोलल्या?" त्या म्हणाल्या, "दोघांनाबी. एकाला बोललं की दुसऱ्याला लागू होतं."

वारंगा फाट्याच्या मागे आमच्या दोन खोल्या एकाला एक लागून, मध्ये नुसता पत्रा. त्यांनी सारा जन्म मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काढला, म्हणून लहानथोर त्यांना आयाबाईच म्हणत. नवरा तरुणपणीच गेला, लेकरू नव्हतं. होता तो भुऱ्या. फाट्यावर ट्रकचं चाक कमरेवरून गेल्यापासून त्याचे मागचे पाय मेलेले होते. पुढच्या दोन पायांवर तो अंग ओढत चालायचा. आयाबाई त्याच्याखाली पोतं अंथरायच्या, मागची बाजू कोमट पाण्याने धुवायच्या, घासलेल्या जागी हळद आणि तेल लावायच्या.

जेवायच्या वेळी त्या भाकर आधी भुऱ्याच्या ताटलीत कुस्करायच्या. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटायच्या. "बापा, आजची भाकर दिलीस. मला दिलीस, भुऱ्याला दिलीस. ज्याला मिळाली न्हाई त्याला दे. आमेन." तोवर भुऱ्या ताटलीला तोंड लावत नसे. लाळ गळायची, पण बघायचा त्यांच्या ओठांकडे. पोरं गंमत म्हणून रस्त्यावरूनच "आमेन!" म्हणून ओरडायची. तो हलायचा नाही. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "आयाबाई, कुत्र्याचा बाप्तिस्मा कधी केला?" त्या म्हणायच्या, "त्याला कशाला लागतो? तो तुझ्यावानी दुसऱ्याच्या ताटात बघत न्हाई."

आमच्या घरात त्यांच्या धर्माचं कोणी नव्हतं आणि मीही कोणाशी फार बोलणारी नव्हते. चारचौघांत माझं तोंडच उघडत नाही. मग आमच्या मालकांचा, माझ्या नवऱ्याचा, टेम्पो हळदीची पोती घेऊन वसमतला जाताना उलटला. डोक्याला मार लागला. नांदेडच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा. घरी आणलं ते असं की डोळे उघडे, पण ओळख नाही. बोलणं नाही. मी समोर उभी राहिले तरी नजर माझ्यातून आरपार जायची.

तेव्हा पत्र्यापलीकडून आयाबाई आल्या. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, चमचा ओठाला लावून थांबायचं कसं, सगळं त्यांनी शिकवलं. "घाई करू नको. गिळलं का ते गळ्याकडं बघ. भुऱ्याला म्या अशीच पाजत होते." माझ्या नवऱ्याची आणि कुत्र्याची बरोबरी केली म्हणून मला आधी राग आला होता.

त्यांच्या ओळखीने शहरातून प्रार्थनेची मंडळी आली. चांगली माणसं होती. खाटेभोवती बसून गायली, रडली. मग मला म्हणाली, "ताई, आता तुमी मोठ्यानं मागा." मी उभी राहिले. जीभ टाळूला चिकटली. त्यातली एक बाई म्हणाली, "मनात शंका हाय, म्हणून तोंड उघडत न्हाई. मग गुण कसा येईल?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आयाबाई उठल्या. "बाई, भुऱ्यानं मला आजवर एक शब्द मागितला न्हाई. दारात येऊन बसतो. त्याची भूक मला कळती, न् हिची तकलीफ देवाला कळत नसंल? मग त्याच्यापरीस मीच मोठी झाले की!" मी पदर तोंडात धरून रडले.

गुण काही आला नाही. उन्हाळा आला, गेला. माझा धाकटा भाऊ गावाहून आला आणि दारातच म्हणाला, "आक्का, ह्यो माणूस गेल्यात जमा हाय. त्यांच्या भावाकडं टाक आन् माहेरी चल. तुझं वय काय झालंय?" बोलताना त्यालाही वाईट वाटत होतं, म्हणून माझ्याकडे बघायचं टाळून त्याने पलीकडे भुऱ्याला धुणाऱ्या आयाबाईंकडे नजर वळवली. "ह्या कुत्र्याला तरी सुई देऊन मोकळं करा, आयाबाई. कोनाच्या कामाचं हाय ते?"

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "कामाचा न्हाई. राखन करत न्हाई, उठत न्हाई. म्याबी आता कोनाच्या कामाची न्हाई. आधी मला सुई दे." मग भुऱ्याचं अंग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता बोलल्या, "हा कामाचा हाय म्हणून माझा न्हाई. माझा हाय म्हणून माझा हाय. देवानं मला असंच ठेवून घेतलंय." मला राहा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. भावाला मी म्हटलं, थोडं थांब.

पुढच्या हळद शिजायच्या दिवसांत आयाबाईंना ताप आला आणि त्यात त्या गेल्या. लांबचा एक पुतण्या आला. त्यांच्या रीतीने माती दिली, खाट आणि पेटी नेली, खोलीला कुलूप घातलं. "कुत्र्याचं काय?" मी विचारलं. "द्या सोडून," तो म्हणाला. चालता न येणारं कुत्रं सोडून कुठं द्यायचं?

भुऱ्या अंग ओढत माझ्या दाराशी आला आणि खाणं सोडून बसला. दुधात भाकर कुस्करून दिली, ढाब्यावरून मटणाची हाडं आणली. बघायचा, पण तोंड लावायचा नाही. चहावाला म्हणाला, "मालकिणीच्या मागं जानार ते." मलाही तसंच वाटलं. घरात मालकांना खोकला लागला होता, पेज बाहेर येत होती. एक दारात उपाशी, एक खाटेवर. दोघं एकदमच सुटले तर मीही सुटेन, असं माझ्या मनात आलं. मी भावाला फोन केला, ये, ह्यांना दिराकडे सोडून जाऊ म्हटलं.

तो जीप घेऊन आला. माझं गाठोडं त्याने उचललं. मी शेवटची म्हणून भुऱ्यापुढे ताटली ठेवली. त्याची लाळ गळत होती. तो ताटलीकडे बघतच नव्हता. माझ्या ओठांकडे बघत होता.

तेव्हा मला कळलं की तो दुःखाने उपाशी नव्हता. तो वाट बघत होता. देवाला माझे शब्द लागत नव्हते, पण भुऱ्याला लागत होते.

मी खाली बसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रस्ता भरलेला, भाऊ उभा, चहावाला बघतोय. "बापा," मी म्हटलं, आणि पुढचं आठवेना. मग जे आलं ते बोलले. भाकर दिलीस, भुऱ्याला दिलीस. ह्यांना गिळता येऊ दे. मला पळू देऊ नको. आमेन. भुऱ्याने ताटलीत तोंड घातलं आणि ताटली वाजेपर्यंत चाटली.

"आक्का, कोनाला बोलून राहिलीस?" भावाने विचारलं. मी त्याच्या हातातून गाठोडं परत घेतलं.

मालक आजही तसेच आहेत. मला ओळखत नाहीत. कधी कधी इतकं असह्य होतं, की ताट वाढल्यावर मीही ओरडते, "कान फुटले का तुझे?" भुऱ्या दचकून वर बघतो. तुला नाही रे, असं त्याला सांगते, त्याच्या डोक्यावर हात ठेवते, डोळे मिटून राहिलेलं सगळं बोलते आणि आमेन म्हणते. तो खायला लागतो. मग मी ह्यांच्या ओठाला पेजेचा पहिला चमचा लावते आणि गळ्याकडे बघत थांबते.