तार नसलेलं कुंपण

माझे सासरे आप्पा सगळ्या गावाची गुरं राखायचे, पण गुरांमागे धावताना त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. आमचं गाव कळवणच्या बाजूला. डोंगरावर अर्धं रान चराईचं, अर्ध्यात जंगलखात्याची नवी रोपं. मध्ये कुंपण नाही. रखवालदार बजावून गेला होता, "एक जरी ढोर रोपांत शिरलं, तर चराई बंद." तसं झालं असतं तर गुरं विकावी लागली असती. आमची गायही.

आप्पांनी हद्दीवरच्या दगडांना चुना फासला. जनावर दगडापाशी आलं की शिट्टी वाजवायची. तरी पुढे गेलंच, तर नाकाला बाभळीची फांदी टेकवायची. मारायचं नाही. महिनाभरात फांदीची गरज उरली नाही. आप्पा म्हणायचे, "ढोराला एकदा नीट सांगावं लागतं. माणसाला रोज." हे बोलताना माझ्या नवऱ्याकडे बघायचे.

बिडीने त्यांची छाती भरलेली असायची. आधी खोकून घेतल्याशिवाय शिट्टीत वाराच जायचा नाही.

एका उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. नवरा सातपूरला कारखान्यात. गुरं माझ्याकडे आली. शिट्टी हातात देऊन आप्पा म्हणाले, "घाबरू नको पोरी. त्यांना समदं ठावं हाय."

पहिल्याच दिवशी आमची गाय चुन्याच्या दगडाकडे निघाली, मागे सगळा कळप. मी शिट्टी फुंकली. एकानेही कान हलवला नाही. पुन्हा फुंकली. गाय थेट दगडापर्यंत पोचली. मी धावत सुटले, धूळ घशात गेली आणि मला जोराचा खोकला आला.

गाय थांबली. वळली. तिच्यामागे सगळी वळली.

घरी येऊन मी सांगितलं, "आप्पा, शिट्टीला कुनी विचारत नाय. ढोरं तुमच्या खोकल्याला वळत्यात."

आप्पा अंथरुणावर उठून बसले. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं म्या शिट्टी फुकट वाजवली?" आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, तशी अंगणातून गोठ्याकडे चाललेली गाय जागच्या जागी माघारी फिरली. सासऱ्यासमोर मी मोठ्याने हसले ते तेव्हा.

पुढच्या महिन्यात ते गेले. शिट्टी खुंटीला राहिली. मी बरीच वर्षं गुरं राखली, दगडापाशी खोकत. रान बंद झालं नाही. शेजारणी काळजीने काढा आणून द्यायच्या. मी पिऊन टाकायचे. खोकला आप्पांचा आहे, हे कुणाकुणाला सांगत बसणार?