पंपातली गोळी

नवरा अंगणात त्याच्या वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचा ऑइल पंप उघडून बसलाय. त्यातली हरभऱ्याएवढी लोखंडी गोळी त्याने रॉकेलमध्ये धुतली, माझ्याच जुन्या साडीच्या तुकड्याने पुसली आणि उन्हात धरून निरखली. इतकं निरखून त्याने मला कधी पाहिलं होतं, ते आठवत नाही. या वयात यंत्राचा मत्सर शोभत नाही. पण होतो, त्याला मी काय करू?

परवा गाडीच्या तेलाच्या टाकीतल्या मोजायच्या काठीवर तेल कमी दिसलं, म्हणून मीच लिटरभर ओतलं. गाडी चालू करताच तिने ते सगळं अंगणात ओकलं. "अगं, तेल कमी नव्हतं," तो हसला होता. "गोळी नीट बसत नाही, म्हणून गाडी उभी असली की टाकीतलं तेल खाली इंजिनात उतरतं."

आता पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवत तो म्हणाला, "नुसती उभी ठेवली की असं होतं. हिला रोज थोडं फिरवून आणायला हवं."

सकाळपासून ओट्यापाशी उभं राहून माझे पाय सुजले होते. हातातला चहा मी त्याला दिला नाही. मोटरसायकलच्या सीटवर ठेवला आणि म्हटलं, "घे तिच्याकडून."