मागच्या सायकलवरून

शर्मिष्ठाच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. दुपारी जेवून आडवा होतो, डोळे जड होतात आणि नेमकं तेव्हाच ते आठवतं. दिनकर मगदूम माझा मित्र. तो गेल्यावर त्याच्या मुलीने मला लिहिलं: ‘काका, बाबांची सायकल मी बँकेत जायला वापरते. पडायच्या भीतीने सीट अगदी खाली घेतली आहे, दोन्ही पाय टेकतात. पण गुडघे फार दुखतात आणि सलवार साखळीत अडकते. आई म्हणते, झेपत नसेल तर दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात देऊन टाकू. मला ती द्यायची नाही. काय करू?’

हे मला का विचारावं? मी ग्रंथपाल होतो. सायकलीबद्दल जे ठाऊक आहे ते वाचलेलं. मिरजेहून सांगलीला आम्ही दोघं रोज आपापल्या सायकलवरून कामाला जायचो खरे, पण पुढे दिनकर, मागे मी. माझं ऐकून पोरगी पडली तर?

पंखा फिरतो आहे. त्याचा आवाज उतारावर सुटलेल्या सायकलीसारखा होतो, कटकटकट. मी वाचनालयात आहे. कपाटांच्या मधून दिनकर सायकल हातात धरून येतो.

“इथे सायकल आणत नाहीत,” मी हळू आवाजात म्हणतो.

“मग बाहेर चल की.”

बाहेर सांगलीचा रस्ता आहे. पुस्तकांची कपाटं दोन्ही कडेला तशीच उभी आहेत, त्यांच्यावर चिंचेचा पाला पडतो आहे. पुढे दिनकर, मागे मी. ऊन आहे, पण लागत नाही.

“पोरीला लिहिलंस का?”

“नाही.”

“का रे, पंडित?”

“तू सांग, मी लिहून घेतो. पुढे तर तूच असायचास.”

“मला काय कळतंय? मी बसलो की हाणत सुटायचो.” तो वळून न बघता हसतो. “माझी सीट कुणी वर केली होती?”

मीच केली होती. नवी सायकल घेतली तेव्हा तोही सीट खाली ठेवून बेडकासारखा बसायचा, आणि त्याचे गुडघे बाहेर फाकलेले मला मागून दिसायचे.

“तू मागे होतास म्हणून दिसलं,” दिनकर म्हणतो. “माझे गुडघे मला कुठले दिसणार? आता बोल.”

“टाच पायडलवर ठेवायची,” मी म्हणतो. “पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर. चालवताना पायाचा चवडा पायडलवर. मग गुडघा किंचितच वाकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसल्या बसल्या पाय टेकायचे नाहीत. आधी मोकळ्या मैदानात सराव. ब्रेक दोन्ही दाबायचे, हळूहळू. वळण्यापूर्वी मागे बघायचं. पिशवी खांद्याला नाही, कॅरियरला.” माझा आवाज चांगला मोठा आहे.

“आयला, बोलतोस की!”

“आणि पडली तर?”

“पडेल एखादवेळी. तू काय कमी पडलास? मेलास का? मी बघ, घरात खुर्चीत बसून चहा पिताना गेलो.”

मलाही हसू येतं. रस्ता माझ्याच अंगणात येऊन थांबतो. दिनकर वाकतो आणि पूर्वी करायचा तसं, जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबरी कडं माझ्या पायजम्याच्या उजव्या पायावर चढवतो.

“साखळी या बाजूला,” तो म्हणतो. “सलवारीलाही हेच चालेल.”

जाग येते. चहाची वेळ झाली आहे. पायजम्यावर काळं रबरी कडं आहे. झोपताना ते नव्हतं असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर मी फारसा विसंबत नाही.

पत्र एका बैठकीत लिहून होतं. एकही पुस्तक उघडावं लागत नाही. शेवटी लिहितो, ‘हे सगळं मी तुझ्या बाबांच्या मागून बघितलेलं आहे,’ आणि कडं पाकिटात घालतो.

दिवाळी अजून लांब आहे. कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या फटीत फुगलेलं पाकीट जरा अडतं. मी अंगठ्याने दाबतो. ते आत पडल्याचा आवाज ऐकून मगच घराकडे वळतो, वळण्यापूर्वी एकदा मागे बघून.